नळ थोरल्याने सोडायचा

कातळवाडी, जिल्हा रत्नागिरी
माघातला सोमवार

तीर्थस्वरूप हरिश्चंद्रदादांच्या चरणी धाकट्या महिपतचा दंडवत. इकडे आम्ही सर्व खुशाल आहोत, म्हणजे मी खुशाल आहे, आणि कंबर सोडून बाकीची गुणवंतीही खुशाल आहे. तुझे गुडघे काय म्हणतात? मथुरावहिनींची साखर खाली आली का? (वर 'चरणी' लिहून लगेच खाली 'तुझे' लिहिलं ते चालवून घे. पत्रभर तुला अहो-जाहो करायचं तर मला घाम फुटेल आणि तुला संशय येईल.) डोंबिवलीतही यंदा थंडी पडली म्हणतात. इकडे काजूला मोहोर बरा आहे. आंब्याचं विचारू नकोस, तो नेहमीसारखा आपल्या मर्जीने वागतो आहे.

खिशात मोबाईल असताना ह्याला पत्र कुठून सुचलं, असं तू वहिनींना म्हणशील. कारण आहे. फोनवर मी मुद्द्यावर आलो की नेमकी तुझ्या घरी कुकरची शिटी होते. मोबाईलवर मोठं लिहून पाठवावं, तर तू खाली एक पिवळा अंगठा पाठवतोस. त्या अंगठ्याचा अर्थ हो की नाही की 'झोपू दे', हे मला आजवर कळलेलं नाही. कागदाला अंगठा दाखवता येत नाही, म्हणून कागद.

मुद्दा असा. मागे तुम्ही शिमग्याला आला होतात, तेव्हा वहिनींनी विहिरीच्या काठावर कळशी आपटून अख्ख्या वाडीच्या देखत सांगितलं होतं, की या घरात नळ आणि बिनधुराची शेगडी आल्याशिवाय मी इथे पाऊल ठेवायची नाही. तेव्हापासून तू दर शिमग्याला 'रजा नाही' म्हणतोस. अरे, तू रिटायर होऊन घरी बसलास, आता तुला रजा कोण देत नाही? इकडे देवाची पालखी दारात येते, मानकरी विचारतात थोरला कुठाय, आणि मी सांगतो की निघालाय, गाडी चुकली. दर वर्षी तुझी गाडी चुकते. आता लोकांनी विचारणंसुद्धा सोडलं, ते मला जास्त लागतं. तर आता नीट ऐक. घरात पाण्याची टाकी बसली आहे. गॅसही बसला आहे. टाकी काठोकाठ भरलेली आहे, आणि तरीसुद्धा नळातून आजपर्यंत एक थेंब पडलेला नाही, तो केवळ तुझ्यामुळे. कसा, ते आता बैजवार सांगतो.

टाकी मी रत्नागिरीत जाऊन स्वतः पसंत केली. काळी, घसघशीत, आत दोन माणसं सहज मावतील अशी. (मावतात. गुणवंतीच्या भाच्याने आणि मी दुकानातच बघून घेतलं. दुकानदाराला ते आवडलं नाही.) टेम्पोवाल्याने ती खालच्या रस्त्याला उतरवली आणि वर बघून हात जोडले. आपली पाखाडी तुला माहीत आहे, नुसत्या जांभ्याच्या पायऱ्या, बैलगाडीसुद्धा तिला कधी चढली नाही. मी म्हटलं, टाकी पोकळ आहे, म्हणजे हलकी आहे, गडगडत नेऊ. हलकी होती हे खरं, पण तिला धरायला कुठे काही नाही हे मला आधी कुणी सांगितलं नाही. हां हां म्हणता सगळी वाडी जमली. ढकलायला चार जण आणि 'अरे डावीकडून, डावीकडून' म्हणायला बाकीचे. वरच्या वळणापर्यंत आलो आणि ढकलणाऱ्यांपैकी एकाचा फोन वाजला. मुंबईहून मुलाचा फोन, तो काय टाकतो होय? त्याने टाकी टाकली. टाकी जी निघाली ती पाखाडीच्या सगळ्या पायऱ्या वाजवत थेट गंगुबाईच्या खळ्यात जाऊन उभी राहिली, आणि तीसुद्धा कशी, तर बरोबर तिच्या वाळत घातलेल्या कुळथावर.

गंगुबाई म्हणजे आपली खालच्या आळीची, जिच्या कैऱ्या तू चोरायचास. तिला वाटलं मी तिच्यासाठीच पाठवली. असू दे मेल्या, कोंबड्या ठेवायला बरी आहे, असं म्हणून तिने टाकी आडवी करून आत कोंबड्या सोडल्यासुद्धा. टाकी परत मिळवायला मला तिला नवीन खुराडं बांधून द्यावं लागलं, आणि टाकी आतून धुवायला त्याहून जास्त वेळ गेला. (हे वहिनींना सांगू नकोस. आता ती स्वच्छ आहे. मी स्वतः आत बसून घासली आहे.)

टाकी बसवायला केतन आला. हा मिरकरवाड्याचा, बंदरातल्या ट्रॉलरवर पाइपांची कामं करतो. हुशार आहे, पण हुशारी सांगत सुटतो. त्याने मागच्या पडवीशेजारी चौथरा बांधून घेतला, त्यावर टाकी चढवली आणि मग ती जाळ्याच्या दोराने चहूबाजूंनी आवळून बांधली. मी म्हटलं, अरे, हे घर आहे, होडी नव्हे, हे हलणार नाही. तर म्हणतो, काका, दर्याचं असंच असतं, हलायच्या आधी सांगत नाही. आता दर्या इथून तासाभराच्या वाटेवर. पण बोलायची सोय नाही. मोटार लावून विहिरीचं पाणी टाकीत चढवलं, तेव्हा गळती एका ठिकाणी होती, माझ्या डोक्यावर. ती त्याने बुजवली.

आता गॅस. सिलिंडर आपल्याकडे होतं रे, नाही असं नाही. पण गुणवंतीने ते पहिल्या दिवसापासून गोधडीखाली झाकून ठेवलं होतं आणि वर पापडाचा डबा. तिला त्याची भयंकर भीती. शेवटी आमची बोलणी झाली ती अशी, की गॅस घरात जळू दे, पण राहू दे घराबाहेर. म्हणून अंगणाच्या कडेला, पाखाडीच्या तोंडाशी, मी जांभ्याची छोटी खोली बांधली. कमरेएवढी उंच, वर उतरतं छप्पर, पुढे लोखंडी जाळीचं दार. आत दोन सिलिंडर शेजारी शेजारी, तिथून नळी स्वयंपाकघरात. काम इतकं सुबक झालं की मी येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून दाखवत होतो. तिथेच घात झाला. रस्त्याकडेला देवाची घुमटी असते, ती कशी असते? कमरेएवढी, जांभ्याची, उतरत्या छपराची, पुढे जाळीचं दार. गंगुबाईला संध्याकाळी कमी दिसतं. दुसऱ्या दिवशी सकाळी बघतो, तर जाळीत जास्वंदीचं फूल. मी म्हटलं वाऱ्याने आलं असेल. त्यानंतर सिलिंडरांना हळदकुंकू लागलं. शाळेत जाणारी पोरं चपला काढून पाया पडू लागली. (परीक्षा जवळ आली आहे.) आणि मग एका संध्याकाळी गुणवंती तुळशीकडे दिवा लावायला गेली, तर गंगुबाई त्या जाळीपुढे उदबत्ती पेटवायच्या तयारीत, हातात काडेपेटी. गुणवंती हातातला दिवा तिथेच ठेवून जी धावली, तशी ती आमच्या लग्नानंतर कधी धावलेली मी पाहिली नाही. गंगुबाईला तिने उदबत्तीसकट उचलून बाजूला ठेवलं. तेव्हापासून तिची कंबर धरली आहे.

एजन्सीचा माणूस बघायला आला. त्याने कुंकू बघितलं, मला बघितलं, आणि म्हणाला हे आधी पुसून टाका. पुसायचं कुणी? मी तर नाही पुसणार. केतनला सांगितलं, तर तो म्हणतो मी पाइपवाला आहे. आता एकदा हळदकुंकू चढलं ते चढलं. असं कसं नुसतं फडकं मारणार? उद्या काही वावगं झालं, तर वाडी म्हणायला मोकळी की महिपतने पुसलं होतं. तेव्हा ठरलं की वाडी राखणाऱ्या देवाला, आपल्या राखणदाराला, नारळ देऊन रीतसर गाऱ्हाणं घालायचं, झाला प्रकार त्याच्या कानावर घालायचा आणि मग पुसायचं. नवीन कामाचं गाऱ्हाणं व्हायचंच होतं, एका नारळात दोन्ही होईल. गाऱ्हाणं घालायला दाजी गावकर. त्यांचा आवाज अजून तसाच आहे, खालच्या रस्त्यावर एसटी थांबते.

दाजींनी सुरुवात छान केली. बा देवा म्हाराजा, ह्या दारात जी घुमटी दिसतेय ती घुमटी नव्हे, तिच्यात गॅस हाय, गंगुबाईकडून काय चुकलंमाकलं आसल तर पदरात घे. सगळे म्हणाले, व्हय म्हाराजा. मग टाकी गळू नये, मोटार चालू असताना वीज जाऊ नये, केतनच्या गाठी सुटू नयेत, व्हय म्हाराजा. मग महिपतच्या जिभेला जरा आवर घाल, असंही एक आलं, आणि त्याला सगळ्यात मोठा व्हय म्हाराजा पडला. मी लक्षात ठेवलं आहे कोण कोण ओरडलं ते. आणि मग एका दमात दाजी म्हणाले, की ह्या घरचा थोरला हरिश्चंद्र मुंबईत हाय, तो बायकोमुलांसकट गावी येईल, आपल्या हातानं पहिला नळ सोडील, त्याची कारभारीण पहिली शेगडी पेटवील, आणि तवर ह्या घरात टाकीचा थेंब नि गॅसची ज्योत कुणी वापरणार नाय. आणि आम्ही सगळे म्हणालो, व्हय म्हाराजा. त्यात माझाही आवाज होता. गाऱ्हाण्यात तोंड आपोआप उघडतं, तुला माहीत आहे. नारळ फुटला, आणि मग गुणवंतीने माझ्याकडे बघितलं.

केतनचं म्हणणं असं, की तो तेव्हा मोबाईलमध्ये होता, व्हय म्हाराजा म्हणालाच नाही, आणि शिवाय मिरकरवाड्याचा असल्यामुळे आपला राखणदार त्याला लागू नाही, तेव्हा नळ तो सोडतो. हात पुढे केलासुद्धा, पण गुणवंतीने त्याच्या हातात चहाचा कप दिला. दाजींना म्हटलं, जरा बदलून घ्या, तर म्हणतात, देवाला एकदा दिलेला शब्द म्हणजे काय एसटीचं रिझर्वेशन आहे? त्यामुळे आज स्थिती अशी, की टाकी भरलेली, सिलिंडर भरलेली, कुंकू पुसलेलं, आणि गुणवंती रोज टाकीच्या शेजारून कळशी घेऊन विहिरीवर जाते आणि चुलीपुढे फुंकत बसते. मला एका शब्दाने बोलत नाही. बोलली असती तर बरं, मला उत्तर तरी देता आलं असतं.

तेव्हा शिमग्याला दोघंही या, एवढंच. वहिनींच्या दोन्ही अटी पुऱ्या झाल्या, आता मोडता घालायला जागा नाही. वहिनींना नमस्कार, नातवंडांना गोड पापे, आणि तुझ्या त्या कुकरला माझा रामराम.

तुझा,
महिपत

ता. क. येताना शेगडीचा एक चांगला लायटर आण. इथला तीनदा खटखट केल्यावर विचार करतो.

आणखी ता. क. आता लिहायला घेतलंच आहे, तर खरं ते लिहितो. दाजींना ते थोरल्याचं वाक्य मीच घालायला सांगितलं होतं. माझं ऐकत नाहीस, देवाचं तरी ऐकशील म्हणून. घर एवढं मोठं, आणि आम्ही दोघं समोरासमोर बसून जेवतो, नि जेवण लवकर संपतं. दादा, मला तुझ्याशिवाय करमत नाही. फोनवर हे सांगता येत नाही. गुणवंतीला यातलं काही ठाऊक नाही आणि कळूही देऊ नकोस, नाहीतर ती मला त्या टाकीत घालून झाकण लावील.

मथुरावहिनींस गुणवंतीचा नमस्कार. पाकीट चिकटवायला यांनी माझ्याकडेच दिलं, म्हणून सगळं वाचलं. ते दाजींशी काय बोलले, ते दाजींच्या बायकोने मला त्याच दिवशी सांगितलं होतं. नळ मला केव्हाही सोडता आला असता. पण तुम्ही यावं असं मलाही वाटतं, म्हणून मी कळशी उचलते आणि गप्प बसते. त्यांचं मन त्यांना खातं, खाऊ दे. तुम्ही मात्र शिमग्यापर्यंत थांबू नका. कंबर माझी आहे.