बोटभर माया

दि. ५ जानेवारी

तीर्थरूप आत्यास,

सा. न. वि. वि. (यातली विनंती या वेळी खरोखरच विशेष आहे, म्हणून पुढचं बसून वाच.)

तू आणि आईनं शिवलेल्या आठही गोधड्या मुलांच्या वॉर्डात पोचल्या. आठ खाटांवर आठ बागा फुलल्यासारखं झालं. पांढऱ्या चादरीत आजारी मूल आणखीच आजारी दिसतं, हे मी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. नोकरीला लागून तेव्हा जेमतेम दोन महिने झालेल्या मुलीनं इतकं बोलावं का, अशा नजरेनं सगळे बघत होते. पण मेट्रनबाईंनी परवानगी दिली. पाच नंबरच्या खाटेवरच्या, पायाला प्लास्टर घातलेल्या चिमुरडीला तिची गोधडी केसाळ वाटते. रोज सकाळी ती स्वतःचे केस विंचरायच्या आधी गोधडीचे विंचरते.

आता वाईट बातमी. काल गोधड्या पहिल्यांदा धुलाईला गेल्या आणि मशीन बंद पडलं. लाँड्रीचे प्रमुख, ज्यांना सगळे मामा म्हणतात, त्यांनी जाळीत कोपरापर्यंत हात घालून बाहेर जे काढलं ते ओल्या मांजराएवढं होतं. तो सगळा आपल्या गोधड्यांचा कचरा, तंतू आणि धागे. त्यांनी तो तसाच ट्रेमध्ये घालून मेट्रनबाईंच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि हे नवीन पेशंट कोणी दाखल केले, असं विचारलं. वॉर्डातली माणसं अजून हसताहेत.

शेवटी असं ठरलं की ३१ तारखेला सगळ्या गोधड्या एकदम धुवायच्या. जाळी साफ निघाली तर त्या वॉर्डात राहतील, नाहीतर त्यांची फरशी पुसायची फडकी होतील. मामांनी कात्री कुठे आहे तेही मला दाखवून ठेवलं. आत्या, तुमच्या दोघींच्या चार महिन्यांच्या कामानं फरशी पुसलेली मला बघवणार नाही. उपाय लगेच कळव.

लोभ आहे तसाच असू दे, धागे मात्र सुटू देऊ नकोस.

तुझी भाची

दि. १० जानेवारी

चि. पदवीधर बाईस,

अ. उ. आ.

पत्र वाचून वहिनीला हसू आवरेना, मग मांजराचा मजकूर आला तशी ती गंभीर झाली. तिला वाटलं खरंच मांजर मेलं. मी समजावून सांगितलं.

अगं, या गोधडीचा स्वभावच असा. मी शिवणी मुद्दाम वरच्या बाजूला घेतल्यात. शिवणीबाहेर बोटभर माया सोडलीय, म्हणजे जास्तीचं कापड गं, आणि तिला वहिनीनं बारीक चिरा दिल्यात. वापरताना त्या चिरांच्या दशा सुटतात, धुतलं की आणखी फुलतात, म्हणून तर ती पोर केस विंचरते. पहिले तीन-चार धू जोरात गळतात, मग गोधडी शहाणी होते. तुझ्याआधी होईल असं वाटतं.

काय करायचं ते सांगते. पाणी गार घे. एकेक गोधडी मोठ्या अभ्र्यात घालून तोंड बांध, म्हणजे कचरा अभ्र्यातच राहील. धुण्याआधी दशा चांगल्या झाडून टाक, वाळल्यावर पुन्हा तेच. कंटाळा करू नकोस.

दुकानात एक बाई ब्लाउजच्या मापासाठी हात वर करून उभ्या आहेत, म्हणून घाईत लिहिते. हात खाली घ्या म्हणून सांगायचं राहूनच गेलं बघ.

वहिनी विचारते, जेवतेस का वेळेवर. मामांना नमस्कार, त्यांच्या कोपरालाही.

माया आहेच, ती मोजत बसू नये.

तुझी आत्या

दि. १४ जानेवारी

तीर्थरूप आत्यास,

नमस्कार पोटभर.

तू म्हणजे देवमाणूस आहेस! तुझं पत्र मिळालं त्याच संध्याकाळी पाच नंबरची गोधडी घेऊन बसले. लिहिलंस तसं, एकही दशा ठेवली नाही. टाक्याला लागून लागून सगळ्या काढून टाकल्या. दोन तास गेले, अंगठ्याला फोड आला, पण गोधडी अशी दिसते जशी आत्ताच केस कापून आली. चिमुरडी रुसली आहे, विंचरायला काही उरलं नाही म्हणते. तिला मी स्वच्छतेचं महत्त्व समजावून सांगितलं. तिनं तोंड फिरवलं.

आज ती एकटी धुऊन बघितली. आत्या, जाळी लख्ख रिकामी! मामांनी दोनदा चष्मा पुसला. माझा तोरा चेहऱ्यावर आलाच असेल.

उरलेल्या सात गोधड्यांना येत्या रविवारी, २० तारखेला, बसणार आहे. दोन नर्सही मदतीला येतील, नवीन कात्र्या मागवल्या आहेत. अनुभव कामाला येतो हे पुस्तकात वाचलं होतं, तुझ्यामुळे पटलं.

आईला सांग, जेवते. लोभाला कात्री लागणार नाही याची खात्री बाळग.

तुझी भाची

दि. १७ जानेवारी (पोस्टकार्ड)

चि. भाचीस,

आशीर्वाद नंतर. आधी कात्री खाली ठेव.

मी झाडून लिहिलं होतं. झाडून! काढून नव्हे. तू दशा नाही कापल्यास, माया कापलीस. आता शिवणीला धरायला कापडच नाही, ती गोधडी उसवणार. बाकीच्या सातांना हात लावशील तर याद राख. वहिनीला अजून सांगितलेलं नाही.

आत्या

दि. ३१ जानेवारी

तीर्थरूप आत्यास,

सा. न. वि. वि. (आज साष्टांग शब्दशः समज.)

कार्ड शनिवारी मिळालं, त्यामुळे सात वाचल्या. आठवी मात्र त्याच सकाळी गेली. चिमुरडी उठली तेव्हा तिचा प्लास्टरचा पाय गोधडीतून आरपार बाहेर आलेला होता. तिला ती खिडकी फार आवडली. मेट्रनबाईंना आवडली नाही.

मी बचावासाठी तुझं पत्र पुढे केलं. तुझा झ म्हणजे पाय मोडलेला क आहे आत्या, आणि ड-ढ तर जुळी भावंडं, रागावू नकोस. मेट्रनबाईंनी ‘काढून’ वाचलं, दोन्ही नर्सनी ‘काढून’ वाचलं, मला जरा बरं वाटलं. मग मामांनी पत्र लांब धरलं आणि पहिल्याच झटक्यात ‘झाडून’ वाचलं. ते म्हणाले की अक्षर त्यांनाही लागलं नाही, पण गोधडीच्या दशा कोण शहाणा काढेल? तीस वर्षं कपडे धुणाऱ्या माणसाला मी एकदाही काही विचारलं नाही, हे ते बोलले नाहीत. मला ऐकू आलं.

म्हणून विचारलं. मग काय, आठवडाभर रोज दुपारी आम्ही दोघं गच्चीवर. दोन टोकं धरायची आणि झटकायची. मामांच्या मिशा लाल-पिवळ्या झाल्या. मुलांना मी विंचरायची परवानगी दिली, अख्खा वॉर्ड आपापली गोधडी विंचरू लागला. अभ्रे मामांनीच शोधून दिले, मोठे, नाड्यांचे.

आज परीक्षा झाली. सगळे मशीनभोवती उभे होते, मला माझ्या निकालाच्या दिवशीही इतकी धडधड नव्हती. मामांनी जाळी काढली, दोन बोटांत काहीतरी चोळलं आणि तळहातावर ठेवलं. वाटाण्याएवढी गोळी. त्यांनी ती बराच वेळ उलटसुलट बघितली. मग रजिस्टरात लिहिलं, हरकत नाही.

ती गोळी सोबत पाठवते आहे. फाटलेली गोधडीही पार्सलनं पाठवते. दुरुस्त होईल का? पाच नंबरला मी पांढरी चादर घातली, तर चिमुरडी म्हणाली की आता ती खरी आजारी झाली. माझंच वाक्य मला परत मिळालं.

लोभ ठेव, अक्षर सुधार.

तुझी भाची

दि. ८ फेब्रुवारी

चि. भाचीस,

अ. उ. आ., सुवाच्य अक्षरात.

पाकीट उघडलं आणि मी सात शिंका दिल्या. वहिनीला अखेर सगळं सांगितलं. ती रागावेल म्हणून मी तयारीत होते, तर तिनं ती गोळी हातात घेतली, उजेडात धरली आणि माझ्या टाचण्यांच्या उशीत भरून टाकली. लेकीची पहिली कमाई आहे म्हणते. आता गिऱ्हाईक आलं की आधी उशी दाखवते, मग माप.

पार्सलही मिळालं. तुझं काम नीट आहे हो, इतकं टाक्याला लागून कापणं मला जमलं नसतं. सगळे चौकोन उसवून नव्यानं जोडलेत. कडेला कापड उरलंच नव्हतं, म्हणून चौकोन लहान झाले, आणि कमी पडलं तिथे वहिनीनं तुझा कॉलेजचा निळा कुडता कापून घातला. तुला विचारलं नाही, कारण तुला पत्रानं काही विचारायचं म्हणजे धोकाच.

गोधडी परत पाठवतेय, सोबत मामांसाठी एक लहान पट्टी, मिशा पुसायला. त्या पोरीला सांग, भरपूर विंचर.

आणि तुझ्यासाठी मोठ्या अक्षरात लिहिते: झाडून. झ-झबल्याचा.

या वेळी माया एक बोट जास्त सोडली आहे. तू आहेस ना तिथे.

तुझी आत्या