डोळ्याला डोळा नाही

९ फेब्रुवारी

गरम पाण्यात पाय बुडवून वीस मिनिटं बसलो. पाणी गार झालं, पायाची बोटं सुरकुतली, झोप काही आली नाही. बायको म्हणाली, पाणी अजून गरम हवं होतं. म्हटलं, पाय शेकायचे आहेत की अंडी उकडायची आहेत? हसली नाही. ही सहावी रात्र.

डॉक्टर म्हणाले, मनात येईल ते वहीत लिहून काढा, डोकं रिकामं होतं. म्हणून ही वही. मुलीची, तिच्या शाळेच्या दिवसांतली. पुढच्या पानांवर तिची गणितं आहेत, मागची कोरी आहेत.

१० फेब्रुवारी

तर काढतोच लिहून.

कारखाना धुलाईचा. इस्पितळांच्या चादरी, अभ्रे, डॉक्टरांचे डगले. त्याला वाफ लागते, वाफेला बॉयलर लागतो, बॉयलरला माणूस. दुपारी दोन ते रात्री दहा मी, दहानंतर जोडीदार. अठरा वर्षं हेच.

बॉयलरमधलं पाणी कमी झालं की घंटा वाजते. आमची घंटा पाणी भरपूर असतानाही वाजते. आतला तरंगता गोळा अडकतो. पाळीत दहा-दहा वेळा. कानाचे पडदे फाटतात! तीनदा लेखी तक्रार दिली. मॅनेजर म्हणाला, सुटा भाग मागवलाय. कुठल्या ग्रहावरून मागवलाय देव जाणे. मग मी पुठ्ठ्याची घडी करून घंटेच्या आणि हातोडीच्या मध्ये खुपसायला लागलो. पाण्याच्या काचेवर नजर ठेवायची, पाळी सुटताना पुठ्ठा काढायचा. रोज काढायचो.

३ तारखेला काढला नाही. जोडीदार जरा लवकर आला होता. त्याच्या मुलाला नोकरी लागली ते सांगत होता, खुशीत होता. मीही ऐकत बसलो. मग घड्याळ पाहिलं आणि शेवटची बस चुकेल म्हणून पळालो.

रात्री दोनला फोन. बॉयलरची नळी फुटली. जोडीदार मागच्या बाजूला कोळसा ओढत होता, घंटेच्या भरवशावर. घंटा वाजलीच नाही. कोरडा बॉयलर पेटत राहिला. वाफेने त्याची मान भाजली, छाती भाजली, चेहऱ्याची उजवी बाजू गेली. घशात नळी घातली आहे. बोलता येत नाही.

मला बोलावलं, कारण व्हॉल्व्ह मला पाठ आहेत. व्हॉल्व्ह बंद केले. मग शिडीवर चढलो, पुठ्ठा काढला, शेजारच्या छोट्या भट्टीत टाकला. कुणी पाहिलं नाही.

झालं लिहून. डोकं रिकामं वगैरे काही झालेलं नाही.

११ फेब्रुवारी

पावणेचारला डोळा लागला, साडेचारला उघडला. पाऊण तास. हेही नसे थोडके.

१३ फेब्रुवारी

कारखान्यात चौकशीची नोटीस लागली. मॅनेजर सगळ्यांसमोर म्हणाला, “यात चौकशी कसली? ड्युटीवर झोपला होता. घंटा तपासली, ठणठणीत वाजते.” वाजणारच. पुठ्ठ्याची राख झाली.

झोपला होता असं ठरलं तर जोडीदाराची नोकरी गेली, भरपाई गेली. वर निष्काळजीपणाचा गुन्हा. जळालेला माणूस आणि तोच गुन्हेगार! आणि मी रात्रभर टक्क जागा. झोपेचा आळ त्याच्यावर आणि जागरण माझ्या वाट्याला. कुणाला सांगितलं तर हसेल.

इस्त्री विभागातल्या बाया दबक्या आवाजात बोलत होत्या. मी जवळ गेलो तशा गप्प झाल्या. चोराच्या मनात चांदणं. त्या कदाचित भाजीच्या भावाबद्दल बोलत असतील.

१४ फेब्रुवारी

मेहुणा आला होता. याचं डोकं उशीला टेकलं की घोरणं सुरू, मध्ये श्वास घ्यायलाही उसंत नाही. मला उपदेश करायला बसला. “दाजी, शंभरपासून उलटं मोजायचं. मी सत्त्याण्णवच्या पुढे कधी गेलो नाही.” रात्री मोजलं. शून्यावर आलो. शून्याच्या खालीही गेलो — उणे एक, उणे दोन. उणे चारशेला दूधवाल्याची सायकल वाजली.

१५ फेब्रुवारी

मुलीचा फोन. नाकाने श्वास घ्यायचा, मनात चार मोजायचे, रोखायचा, सात मोजायचे, तोंडाने सोडायचा, आठ मोजायचे. केलं. श्वास रोखला की जोडीदार आठवतो. त्याच्यासाठी ते काम मशीन करतं.

बायको रोज एक नवीन उपाय काढते. चहा बंद केला. खोलीतलं घड्याळ बाहेर नेलं. उशी बदलली. डोक्याला तेल लावून देते, बराच वेळ. पूर्वी इतकं कधी केलं नव्हतं. काल मध्येच विचारलं, “काही सांगायचंय का?” म्हटलं, काय सांगायचं? म्हणाली, “नाही, सहज.” आणि बोटं फिरवत राहिली.

१७ फेब्रुवारी

इस्पितळात गेलो. जाणार नव्हतो, बायकोने डबा भरून हातात दिला.

जोडीदार डोळे मिटून पडलेला. अंगावरच्या चादरीच्या कोपऱ्यावर आपलाच शिक्का. मीच वाफ दिलेली असणार तिला. वहिनी — त्याची बायको — स्टुलावर बसल्या होत्या. मला बघून उठल्या, स्टूल मला दिलं. नको म्हटलं तरी दिलं.

म्हणाल्या, “भावजी, तुम्ही आलात, बरं वाटलं. ते लोक काय म्हणतात ऐकलंत ना? हे झोपणारे नव्हेत हो. नणंदेच्या लग्नात अख्खी रात्र जागून सगळी भांडी मोजून घेतली होती यांनी. तुम्ही अठरा वर्षं बघताय. तुमचा शब्द ते मानतील.”

मी म्हटलं, हो वहिनी.

त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, “तुमचेही डोळे किती ओढलेत. यांच्या काळजीने तुम्हालाही झोप नाही वाटतं.”

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. घेतलं नाही तिने. डबा ठेवला आणि निघालो.

१८ फेब्रुवारी

सांगून टाकावं. उद्याच.

१९ फेब्रुवारी

नाही सांगितलं. मॅनेजरच्या दारापर्यंत गेलो, तर तोच म्हणाला, “काय हवंय?” म्हटलं, हातमोजे संपलेत. दोन जोड्या घेऊन परत आलो. शूर माणूस!

हिशोब असा की मी सांगितलं तर मी जातो. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत माझ्या. नोकरी जाईल, कदाचित तुरुंग. माझ्या तुरुंगाने त्याची कातडी परत येणार आहे का? नाही. हे वाक्य दिवसातून शंभरदा म्हणतो. दिवसा पटतं.

२० फेब्रुवारी

डॉक्टरांनी गोळी दिली. अर्धी घ्या म्हणाले. अर्धी घेतली. हातपाय झोपले, डोकं जागं. स्वतःच्याच अंगात कोंडल्यासारखं झालं. यापेक्षा साधं जागरण बरं.

डॉक्टरांनी विचारलं होतं, कसली काळजी आहे का? म्हटलं, नाही हो, वय झालं. त्यांनी कागदावर ‘वय’ असं लिहिलं की काय कुणास ठाऊक.

२२ फेब्रुवारी

एकवीस-बावीस उपाय झाले. अंधार, उजेड, पंखा, पंखा बंद, जमिनीवर, खाटेवर. काल तर उभा राहून पाहिलं. घोडे झोपतात म्हणे. मी घोडाही नाही.

दोन वाजता कूस बदलली तर बायको डोळे उघडे ठेवून छताकडे बघत होती. विचारलं, तू का जागी? म्हणाली, “तुमची सोबत.”

२४ फेब्रुवारी

चौकशी झाली.

चौकशीचे साहेब बाहेरून आलेले, शांत, चष्म्याआडून बघणारे. शेजारी मॅनेजर. मी घरून ठरवून गेलो होतो — निदान एवढं तरी म्हणायचं की तो झोपणारा नव्हे. खरंच तसं ठरवलं होतं.

साहेबांनी विचारलं, “घंटा नेहमी वाजायची?” म्हटलं, वाजायची. “त्या दिवशी तुमच्या पाळीत?” वाजली साहेब. “मग त्याला ऐकू कशी आली नाही? ड्युटीवर झोपायचा का तो?”

मी म्हटलं, “माणूस आहे साहेब. लागत असेल कधी डुलकी.”

एवढंच. साहेबांनी लिहून घेतलं. मला उलटं वाचता येतं — त्यांनी लिहिलं, ‘झोपण्याची सवय होती असे सहकारी सांगतात’. मी ‘असेल’ म्हणालो होतो. ते ‘असेल’ कुठे गेलं हे मी विचारलं नाही. सही केली. मॅनेजरने पाठीवर हात ठेवला. त्याचाही सुटा भाग मागवायचा वाचला.

घरी आलो. बायकोने विचारलं, काय झालं? सांगितलं तिला, काय म्हणालो ते. शब्द न् शब्द सांगितला, का ते माहीत नाही. ती भांडी घासत होती. घासत राहिली. तेल लावायला आली नाही.

२५ फेब्रुवारी

झोपलो!

बाराला पडलो ते थेट आठला उठलो. मध्ये एकदाही जाग नाही, स्वप्न नाही. कुठलाही उपाय न करता. उठल्यावर क्षणभर कळेना कुठे आहे. मग कळलं, आणि वाटलं की आता मोठं ओझं छातीवर येऊन बसेल. वाट पाहिली. आलं नाही.

याची लाज वाटायला हवी. भूक लागली होती, पोटभर जेवलो.

२६ फेब्रुवारी

पुन्हा झोपलो. दुपारीसुद्धा तासभर. मेहुण्याला फोन करून सांगितलं, तर म्हणाला, “बघा दाजी, उलटं मोजण्याचा गुण आला.” म्हटलं, हो, आला.

बायको कमी बोलते. अंथरूण बाहेरच्या खोलीत घातलं तिने. मी घोरतो म्हणे.

२७ फेब्रुवारी

सात वाजता उठलो. चहा झाकून ठेवलेला, गार. बायको घरात नाही. दार नुसतं लोटलेलं.

आठला तिचा फोन आला. म्हणाली, वहिनींसोबत आहे, चौकशीच्या साहेबांकडे बसलोय, ते नऊला येतात. कशाला, विचारलं.

म्हणाली, “पुठ्ठ्याचं सांगायला. मागच्या महिन्यात जेवताना तुम्हीच नाही का सांगितलंत, घंटेचं तोंड कसं बंद केलं ते? हसत होतात.”

मला आठवत नाही. सांगितलं असेन. मी म्हटलं, मग इतके दिवस गप्प का बसलीस?

म्हणाली, “तुम्हाला झोप येत नव्हती ना, म्हणून. वाटायचं, आज ना उद्या हे स्वतःच सांगतील. परवापासून तुम्ही घोरायला लागलात.”