नव्या ट्रेलरचं छत

मिस्टर क्रेगर,

तुम्ही विकलेला, गाडीमागे जोडून न्यायचा, आत राहता येणारा नवाकोरा ट्रेलर घरी आणला, त्याच आठवड्यात छत गळून आतला बिछाना भिजला. डॉक्टरांनी माझ्या नवऱ्याला, हार्लनला, बजावलं होतं की फिरायचं तर याच उन्हाळ्यात फिरा. त्याला ओरेगनचा समुद्र बघायचा होता. हे मी तुम्हाला सांगितलं, तेव्हा तुम्ही हसून म्हणालात, "बाई, वॉरंटी आहे ना? मग काळजी कसली?"

मग ट्रेलर दुरुस्तीसाठी तुमच्या आवारात पडून राहिला. तुम्ही म्हणायचात चूक कारखान्याची, कारखाना म्हणायचा तुमची.

उन्हाळा संपत आला तेव्हा, ऑगस्टमध्ये, हार्लन हट्टालाच पेटला. "ट्रेलर येत नाही, तर आपण त्याच्याकडे जाऊ." तुमच्या आवारात, त्याच ट्रेलरमध्ये, मी त्याला अंडी तळून दिली. खिडकीबाहेर बिघडलेल्या ट्रेलरांची रांग होती. तो म्हणाला, "व्हर्ना, शेजार झकास आहे. कुणी कुठे जायचं नावच घेत नाही." तेवढ्यात तुम्ही आलात आणि विम्याचे नियम सांगून आम्हाला बाहेर काढलंत. पायरी उतरताना त्याला मी एकटीनं धरलं.

काल तुमचा फोन आला. "झाला दुरुस्त! येताना हार्लनना आणा, वॉरंटी त्यांच्या नावावर आहे."

त्याला पुरून महिना झाला, हे माझ्या तोंडून निघेना. "विचारते त्याला," म्हणून मी फोन ठेवला.

हे पत्रही पोस्टात टाकणार नाही. तुमचं सांत्वनाचं कार्ड घरात आलेलं मला सोसणार नाही.

व्हर्ना स्टुकी