शिफ्टच्या फटीतला पुठ्ठा

रविवार, १२ ऑक्टोबर

तीर्थस्वरूप दादास,

साष्टांग नमस्कार. मी बरा आहे. आई बरी आहे, म्हणजे तब्येतीने. तू आणि वहिनी मजेत असालच. झालं. आता मुद्द्याचं बोलतो, कारण तुझ्या त्या क्रिकेटच्या गेमने माझ्या डोक्याचा पार भुगा केलाय.

वाढदिवसाला गेम पाठवलास, ठीक. पण तो चालायला काय काय लागतं हे आधी बघायचं कोणी? आठ जीबी रॅम लागते, आपल्या खटाऱ्यात चार. कळवलं, तर तू रॅम धाडलीस. मग म्हणे ग्राफिक कार्ड हवं. तेही आलं. ते बसवलं तर डब्याचं झाकण लागेना, वर त्याला वीज पुरेना. मग पॉवर सप्लाय! तीन महिन्यांत तीन पार्सलं. कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लागलास म्हणून अख्खं दुकान इकडे हलवणार आहेस का? एकदा स्वतः आला असतास तर तासाभराचं काम होतं. पण दोन वर्षं झाली, तू काही येत नाहीस.

असो. काल एकदाचा गेम सुरू झाला. आधी पडद्यावर बटणांची यादी आली. उजव्या हाताला बाण, त्यांनी फलंदाज हलवायचा. डाव्या हाताला फटके: एस म्हणजे बचाव, डी म्हणजे ड्राइव्ह. आणि चेंडू उंच मारायचा तर डाव्या करंगळीने शिफ्ट दाबून ठेवायची. करंगळीने! ही यादी तू वाचली नव्हतीस का रे? डाव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मी आता आणू कुठून?

उरलेल्या बोटांनी खटपट केली. शिफ्ट गाठावी तर डी सुटतो. वीस षटकं नुसता जमिनीवरून खेळलो, धावा सत्तावीस. आई मागे उभी राहून म्हणते, "अरे, जरा उचलून मार की!" काय सांगू तिला, कपाळ?

शेवटी वैतागून पुठ्ठ्याची घडी केली आणि शिफ्टच्या फटीत खोचली. बटण खाली बसलं ते बसलंच. मग काय, प्रत्येक चेंडू आभाळात! बचाव करायला जावं तरी झेल. सहा चेंडूंत चार बळी गेले. आई हसून हसून खुर्चीत बसली. मीही हसलो. पुठ्ठा काढायला हात नेला आणि हात तिथेच थांबला.

दादा, कागद कापायच्या मशीनला दोन बटणं का असतात, हे मला तूच शिकवलंस. दोन्ही हात बटणांवर असले तरच पातं खाली येतं, म्हणजे एकही हात आत राहत नाही. त्या दिवशी काम घाईचं होतं. डाव्या हाताने गठ्ठा सरळ करता यावा म्हणून मी डावं बटण अशीच पुठ्ठ्याची घडी खोचून दाबून ठेवलं होतं. पहिल्यांदा नव्हे, आठवडाभर तेच करत होतो. हात पात्याखाली सापडला तेव्हा पुठ्ठा निसटून खाली पडला. आपल्या बाइंडिंगच्या कारखान्यात जमिनीवर पुठ्ठ्याशिवाय असतं काय? कोणाच्या लक्षात आलं नाही. मी मात्र पाहिला.

दवाखान्यात मालकांनी विचारलं, तेव्हा मी म्हणालो, "बटण अडकलं होतं." ते बटण आदल्याच दिवशी तू दुरुस्त केलं होतंस. सगळे तुझ्याकडे बघायला लागले. तू मान खाली घालून म्हणालास, "माझंच चुकलं." मी गप्प बसलो. तू नोकरी सोडलीस, घर सोडलंस, तरी मी गप्पच. उलट तुझ्यावरच चिडत राहिलो, कारण ते सोपं होतं. मला माझी लाज वाटते.

आईला काल रात्रीच सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाहीये. मालकांना उद्या सांगणार आहे. तूही बोलू नकोस हवं तर. पण यापुढे मला काही पाठवू नकोस, आणि रात्री नीट झोपत जा.

ते बटण तू चोख दुरुस्त केलं होतंस.

तुझा,
धाकटा