बाबांचं मीटर

तीर्थस्वरूप मामांना,
साष्टांग नमस्कार.

सुरुवातीलाच एक प्रश्न विचारते, रागावू नका. टीव्हीवर दिसणारे पट्टीचे गोल्फ खेळाडू, ज्यांचा बॉल आभाळात जातो आणि सांगितल्या जागी उतरतो, ते आमच्या साध्या मैदानावर आले तर किती फटक्यांत खेळ संपवतील? उत्तर मला येत नाही. तीन वर्षं संख्याशास्त्र शिकले, पहिल्या वर्गात पास झाले, घरातली पहिली पदवीधर म्हणून तुम्ही मला पेन दिलंत (त्याच पेनने लिहिते आहे; थोडं गळतं, पण तक्रार नाही), आणि तरीही येत नाही.

मामींचा गुडघा कसा आहे? दुकानाचं शटर आता एका हाताने वर जातं का? इकडे आईची तब्येत ठीक आहे. तुम्ही फोन करत नाही म्हणून ती रुसली आहे आणि तुम्ही फोन केलात की उचलणार नाही म्हणते, तेव्हा सगळं नेहमीसारखंच आहे.

आमचं मैदान तुम्ही एकदाच पाहिलंय, म्हणून आठवण करून देते. नऊ होल, एका अंगाला चादरी धुण्याचा कारखाना, दुसऱ्या अंगाला शाळेचं कुंपण. मोठ्या मैदानांवर अठरा होल असतात. आमचे सभासद नऊच दोनदा खेळतात आणि अठरा झाले म्हणतात. चांगल्या खेळाडूला दोन्ही फेऱ्या मिळून सत्तर फटके लागावेत असा हिशेब आहे, जितके कमी तितकं बरं. आमच्या दातांच्या डॉक्टरांना एकशे चार लागतात. पण बॉल किती लांब जातो या विषयात ते कुणाला हार जात नाहीत. ‘दोनशे मीटर! फळीवर बघा!’ असं ते दात उपटतानाही पेशंटला सांगतात (तोंड उघडं असल्यामुळे पेशंटला वाद घालता येत नाही). फळी म्हणजे प्रत्येक होलच्या सुरुवातीला रोवलेली पिवळी फळी, तिच्यावर काळ्या आकड्यांत अंतर. या नऊ फळ्या बाबांनी बावीस वर्षांपूर्वी, नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मोजून रंगवल्या. गवत तर तेव्हापासून तेच राखतात. मी मात्र आठ महिन्यांपासून तिथल्या ऑफिसात आहे. माझ्याकडे स्कोअरकार्डं, हजेरीचं रजिस्टर आणि हरवलेल्या बॉलचा खोका एवढा कारभार आहे.

आता मूळ गोष्ट. गेल्या महिन्यात चहाच्या टेबलावर सेक्रेटरीसाहेब म्हणाले, ‘खरा प्रोफेशनल आला तर आपल्या मैदानाचा भुगा करेल. पंचावन्नमध्ये आटपून हसत हसत घरी जाईल.’ डॉक्टर म्हणाले, ‘हसेल कसला, चौथ्या होलवर रडेल.’ वाद इतका पेटला की चहा गार झाला. शेवटी कमिटीने रीतसर ठराव केला: एक प्रोफेशनल बोलवायचा, आणि तो साठाच्या आत आला तर आपलं मैदान म्हणजे पोरखेळ आहे असं समजून ते यंत्रंबिंत्रं असलेल्या एका कंपनीला द्यायचं. कंपनी आपली माणसं आणते. बाबांना भिंतीवरचं एक घड्याळ देऊन निरोप द्यायचा, असंही त्याच ठरावात खाली बारीक अक्षरात होतं. तो ठराव टाइप मीच केला. घड्याळ हा शब्द तीनदा चुकला.

मी गप्प बसणारी नाही हे तुम्हाला माहीत आहे. ज्ञानाचा उपयोग समाजाला झाला पाहिजे, म्हणून मी जुनी स्कोअरकार्डं काढली, मोठ्या स्पर्धांचे आकडे जमवले आणि सात पानांचा अहवाल दोन आलेखांसह कमिटीपुढे ठेवला. माझा अंदाज: ६१.४. सेक्रेटरीसाहेबांनी चष्मा काढून विचारलं, ‘बाई, हा पॉइंट चार फटका कसा मारतात, ते जरा दाखवता?’ सगळे हसले. मला वाईट वाटलं नाही (थोडं वाटलं).

मग ते आले. सेक्रेटरीसाहेबांच्या मेहुण्यांच्या ओळखीने, एका स्पर्धेहून दुसरीला जाताना वाटेत थांबले. आपण त्यांना पाहुणे म्हणू. साधा शर्ट, आवाज बेताचा. अंतर दाखवणारं दुर्बिणीसारखं यंत्र त्यांनी बॅगेतून काढलं, तर सेक्रेटरीसाहेब म्हणाले, ‘ते कशाला? आमच्या फळ्या चोख आहेत. सेंटिमीटरचा फरक निघाला तर नाव बदलीन.’ पाहुण्यांनी यंत्र निमूट परत ठेवलं. फटके मोजायला मला नेमलं होतं. बाबा उजाडायच्या आधीपासून गवत कापून, पाणी मारून, आता पंपाच्या खोलीमागे पाइप हातात धरून उभे होते. पाइपला पाणी नव्हतं. नुसताच धरला होता.

मामा, पहिला फटका मी कसा सांगू? रोज शंभर फटके ऐकते मी, ते पाट आपटल्यासारखे वाजतात. हा वाजला तो नवं कापड एका दमात फाडावं तसा. बॉल वर गेला, बारीक झाला, आणि वर जाऊन क्षणभर विचार करत थांबला अशी मी शपथ घेईन. आम्ही सगळे तोंड उघडं टाकून उभे (त्या दिवशी डॉक्टर तपासायला मोकळे होते, पण त्यांचंही उघडंच). मग बॉल होलभोवतीच्या हिरवळीवरून, झेंड्यावरून, कुंपणावरून पलीकडे गेला आणि कारखान्यात घडी करून ठेवलेल्या चादरींच्या टोपलीत पडला. ‘काय ताकद!’ डॉक्टर म्हणाले. ‘पण होल अलीकडे आहे,’ सेक्रेटरीसाहेब हळूच म्हणाले. दुसऱ्या होलवर तेच. तिसऱ्यावर बॉल शाळेच्या पाण्याच्या टाकीवर. मी कार्डावर सहा, सहा, पाच असं लिहिलं. माझ्या आलेखात असं काहीही नव्हतं.

पण मी थक्क झाले ते यानंतर. आमचे सभासद चुकले की गवताला, वाऱ्याला, बुटांना, एकदा तर माझ्या पेन्सिलीच्या आवाजाला दोष देतात. हा एवढा मोठा माणूस तीनदा चुकला आणि तिन्ही वेळा आधी स्वतःच्या हाताकडे बघितलं. मनगट वळवून पाहिलं, काठी निरखली, पुन्हा उभं राहून पाहिलं. फळीवर संशय त्यांना सगळ्यात शेवटी आला. चौथ्या होलवर ते फळीपासून हिरवळीपर्यंत सावकाश, सारखी पावलं टाकत चालत गेले, ओठ हलत होते. परत आले ते गालात हसत.

त्यानंतर जे झालं ते बघायला मिळालं हे माझं भाग्य. बॉल हिरवळीवर उतरायचा तो, पाहुण्याने दारात थांबून ‘आत येऊ का?’ विचारावं तसा. कारखान्यातल्या बाया काम टाकून कुंपणाशी आल्या. कुणी टाळ्या वाजवेना, कारण टाळी वाजवणं आगाऊपणा वाटत होता. पहिली फेरी छत्तीस, दुसरी अठ्ठावीस. एकूण चौसष्ट! ‘साठाच्या आत आला नाही,’ सेक्रेटरीसाहेबांनी जाहीर केलं, ‘म्हणजे आपलं मैदान कठीण आहे.’ असं म्हणताना त्यांची छाती एवढी फुगली की जणू ते मैदान त्यांनीच पेरलं. बाबांना कायम ठेवायचं असं जागेवरच एकमताने ठरलं. बाबांनी कोरडा पाइप गुंडाळून ठेवला.

निघताना पाहुणे ऑफिसात सही करायला आले. कुणी नाही असं बघून म्हणाले, ‘फळ्या कुणी मोजल्या?’

‘बाबांनी. म्हणजे माझ्या वडिलांनी.’

‘पावलांनी?’

‘हो.’

‘फळीवरच्या प्रत्येक मीटरमागे जमिनीवर दहा सेंटिमीटर कमी आहेत. नऊही ठिकाणी, अगदी सारखे. इतकं एकसारखं चुकायला फार मन लावून काम करावं लागतं, बाई.’ मग सही करता करता म्हणाले, ‘आणि हिरवळी त्यांच्याच का? बॉल ज्या रेषेत सोडावा त्याच रेषेत जातो. अशी हिरवळ मला वर्षात दोनदा भेटते.’ एवढं बोलून ते गेले. कुणाला काही सांगितलं नाही.

संध्याकाळी मी बाबांना विचारलं. त्यांनी आधी बुटांच्या नाड्या सोडल्या. मग सगळं निघालं. नोकरी लागली तेव्हा साहेबांनी अंतरं मोजायला सांगितली. बाबांना टेप मागायची लाज वाटली. त्यांनी शिंप्याकडून मीटरची पट्टी आणली आणि चार दिवस घरात अनवाणी सराव केला, एक पाऊल म्हणजे बरोबर एक मीटर. आई सांगते, ते पाणी प्यायलाही मीटर-मीटरने जायचे. पण मोजायच्या दिवशी साहेबांसमोर अनवाणी कसं जायचं? म्हणून नवे बूट घातले. ते बूट, मामा, तुम्ही भेट दिलेले होते. बाबांचं माप नऊ, बूट आठ नंबरचे. बोटं दुमडली, पाऊल दहा सेंटिमीटर आखडलं. आणि बायकोच्या भावाने प्रेमाने दिलेल्या बुटांना नावं कशी ठेवायची, म्हणून ते बोलले नाहीत. तुम्ही दर दोन वर्षांनी मापांच्या वहीत बघून आठ नंबरच पाठवता. ते अजूनही तेच घालतात.

मी तुम्हाला दोष देत नाही. पण आता माझी पंचाईत बघा. फळ्या खऱ्या असत्या तर पाहुणे पहिल्या फेरीतही अठ्ठावीस मारते, म्हणजे छप्पन्न, म्हणजे साठाच्या आत, म्हणजे घड्याळ. बाबांची नोकरी त्यांच्याच चुकीमुळे वाचली आहे आणि हा हिशेब फक्त मला ठाऊक आहे. खरं बोलावं असं मी कॉलेजच्या वक्तृत्व स्पर्धेत दोनदा सांगितलंय, एकदा बक्षीसही मिळालंय. पण तेव्हा माझ्या बाबांची नोकरी त्यात नव्हती. तुम्ही मोठे आहात, व्यवहार जाणता. मी काय करावं ते कळवा. तुमचं उत्तर येईपर्यंत मी काहीही करणार नाही.

मामींना नमस्कार. शटरला तेल द्या.

तुमची भाची,
जिला तुम्ही चारचौघांत ‘आमची ग्रॅज्युएट’ म्हणता ती

ता. क. : सोबत बाबांच्या पावलाचा कागद आहे. ते झोपलेले असताना पेन्सिलीने काढला, त्यामुळे अंगठा थोडा हललाय. या मापाचे बूट पाठवा. खरं तर पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं.

आणखी एक ता. क. : बाबांनी पत्र वाचलं. ते म्हणतात, पेन फार गळतं हेही आत्ताच सांगून टाक, नाहीतर बावीस वर्षांनी त्यातूनही काहीतरी निघेल. मामा, पेन फार गळतं.

शेवटचा ता. क. : उत्तर पाठवायची तसदी घेऊ नका. काल सेक्रेटरीसाहेबांपुढे सगळा हिशेब ठेवला. त्यांनी दार लावून घेतलं आणि आधी विचारलं, ‘म्हणजे माझा एकशे ऐंशी मीटरचा फटका?’ ‘एकशे बासष्ट, सर.’ त्यांनी कागदाची घडी करून ती माझ्या हातात परत ठेवली. मग म्हणाले, ‘हा कागद मी पाहिला नाही. फळ्या बदलल्या तर ठरावही पुन्हा उघडावा लागेल, कळतंय ना? वडिलांना विचार.’ विचारलं. बाबा म्हणाले, ‘उघडू दे. गवत कसं आहे ते त्या माणसाने पाहिलंय. चुकीच्या फळीच्या आड मला लपायचं नाही.’ तेव्हा आज सकाळी आम्ही दोघांनी टेप लावून नऊही होल मोजले, बाबा अनवाणी, आणि फळ्या नव्याने रंगवल्या. आठ वाजता डॉक्टर आले, पहिल्या फळीसमोर उभे राहिले, आणि अजून तिथेच आहेत. आकड्याला हात लावून बघावं असं त्यांच्या मनात आहे, पण लावत नाहीत, कारण प्रत्येक फळीखाली बाबांनी स्वतःच्या अक्षरात लिहिलंय: रंग ओला आहे.