तिसरा वाटा

९ फेब्रुवारी

प्रिय ताईस,

नमस्कार. आज सुट्टी होती. कपडे धुतले, केस कापून आलो, दुपारी झोपलो. तब्येत ठीक आहे, जेवण वेळेवर होतं.

बाबा गेल्यापासून कपाटात पडलेली अक्षरांची पानं आईने काल स्वतःहून काढली, हे फोनवर ऐकून बरं वाटलं. हा खेळ आम्ही तिघं तुझ्या लग्नानंतर खेळायला लागलो, म्हणून तुला नियम लिहून पाठवतो; आईकडे आहेस तोवर तिच्याशी खेळ.

प्रत्येकाला सात पानं वाटायची. आपल्या पाळीला गड्डीतलं एक उचलायचं, नको असलेलं एक टाकायचं. तीन किंवा जास्त पानांचा शब्द जुळला की खाली मांडायचा. काना-मात्रा आपल्या मनाने लावायच्या. ज्याची पानं आधी संपतील तो जिंकला.

मुद्दाम हरू नकोस, तिला लगेच कळतं. तिने अवघड शब्द मांडला की बाबा म्हणायचे, "हा तुझ्या माहेरचा दिसतोय!" ती म्हणायची, "मग जा, तिकडेच विचारून या." तेवढं तू म्हणून बघ. ती काय म्हणते ते कळव. रात्री झोप लागते ना तिला?

सवयीने ती तिसरा वाटा मांडेल. काही बोलू नकोस.

नियम चुकू नयेत म्हणून मीही इथे कागदाची पानं कापून वाटून पाहिली. माझेही तीनच वाटे झाले. बाबांची पानं चांगली आली होती, त्यांचाच डाव आधी संपला.

आता पानं गोळा करतो आणि उद्याच्या शर्टाला इस्त्री करतो.

तुझा,
धाकटा