चार, आठ, सोळा

पप्पा, तुम्ही स्वतःच्या हाताने बांधलेला तो गिटारचा अ‍ॅम्प्लिफायर परवा माझ्या टेबलावर येऊन बसला. दादाने टेम्पोतून आणला, गोधडीत गुंडाळून. त्याच्या पोरीला चर्चच्या तरुण संघात गिटार वाजवायची आहे आणि तिला नवा नको, आजोबांचाच पाहिजे. दादा म्हणाला, "लई वर्सं बंद हाय. बघ जरा, हुतोय का चालू." मी गोधडी सोडली. समोरची कोपऱ्यात फाटलेली जाळी दिसली. तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं होत आली. तरी मी आधी दाराकडे बघितलं, तुम्ही येताय का म्हणून. आयटीआयमध्ये पोरांना इलेक्ट्रॉनिक्स शिकवणाऱ्या पन्नाशीच्या बाईला हे शोभत नाही, पण झालं ते असं झालं.

तुम्ही एमआयडीसीत मोटारींचं वाइंडिंग करायचात. दिवसभर तांब्याची तार गुंडाळून बोटं कापलेली असायची, आणि त्याच बोटांनी रविवारी चर्चमध्ये अशी गिटार वाजवायचात की म्हाताऱ्या बायका डोळ्याला पदर लावायच्या. त्यांना काय माहीत. तुमचा हात आधी उठायचा आणि राग मागून यायचा. भिंगारच्या त्या दोन खोल्यांत धड असं एक ताट नव्हतं, सगळी भिंतीवर आपटून पोचे आलेली. एकदा कालवणात मीठ जास्त झालं म्हणून तुम्ही पितळी मम्मीच्या तोंडावर फेकलीत. तिच्या कपाळाला तीन टाके पडले. दवाखान्यातून आल्यावर ती चुलीपुढे बसली आणि तुम्ही उंबऱ्यात बसून गिटार सुरात लावत होता, तार पिळायची, ऐकायचं, पुन्हा पिळायची. मला तेव्हा वाटलं होतं की ती गिटार उचलावी आणि तुमच्या डोक्यात घालावी. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. पण तो सूर ऐकावासाही वाटत होता, आणि त्याचाच मला जास्त राग येतो.

शिकवायचात मात्र जीव लावून. मला आणि दादाला समोर बसवायचात. "ह्यो अ‍ॅम्प म्हंजी बैल. स्पीकर म्हंजी त्याच्या मानंवरचं वझं. ओहम जेवढं कमी, तेवढं वझं जास्त. घोडेगावच्या बाजारात बैल घेताना मानूस दात बघतो, वशिंड बघतो. मंग हितं न बघता वायर खुपसायची व्हय?" आठ ओहमचा एक स्पीकर असेल तर मागचा नॉब आठवर. तसलेच दोन शेजारी-शेजारी जोडले की भार दुप्पट, म्हणजे ओहम निम्मे, मग नॉब चारवर. एकामागे एक जोडले तर सोळावर. काचेच्या व्हॉल्व्हचा अ‍ॅम्प आहे, नॉबने त्याला खोटं सांगितलं तर जळेल. चुकीचं उत्तर दिलं की टपली, पुन्हा चुकलं की कानशिलात. मी आजही पोरांना हाच बैल सांगते. तुमचं नाव न घेता सांगते.

तो नाताळाआधीचा शनिवार. दुपारी चर्चच्या हॉलमध्ये गाण्यांची तालीम आहे. हॉल मोठा, म्हणून दुसरा स्पीकर जोडायचाय, पहिल्यांदाच. त्याआधी कितीतरी वर्षं तो अ‍ॅम्प एकाच स्पीकरवर, नॉब आठवर, सुखाने चाललेला. तुम्ही बाहेर पाळकसाहेबांशी बोलताय. दादा एकोणीस वर्षांचा, तुमच्यापेक्षा वीतभर उंच. तो दोन्ही स्पीकर शेजारी-शेजारी जोडतो, मला म्हणतो, "चारवर. बराबर ना?" मी म्हणते, बरोबर. तो नॉब फिरवतो आणि वाजवायला लागतो. दुसऱ्या गाण्याला जळक्या लाखेचा वास येतो, मग मागून धूर. दादा घाबरून प्लग उपटतो, हाताला लागतील ते पुढचे-मागचे सगळे नॉब उलटे फिरवून टाकतो. तुम्ही धावत आत येता. नॉब कुठे होता हे आता कुणालाच कळणार नसतं.

"कशावर ठिवला हुता?" "चारवर, पप्पा." "खोटं बोलतो?" आणि तुमचा पंजा त्याच्या डाव्या कानावर बसतो. आवाज हॉलभर घुमला. तो पुन्हा म्हणाला, चारवर. तुम्ही गिटारची वायर दुहेरी केलीत, टोकाची लोखंडी पिन बाहेर राहील अशी, आणि मारत सुटलात. पाठीवर, खांद्यावर, मग त्याच कानावर. मम्मी मध्ये पडली तर तिला बाकावर ढकललंत. गायनाच्या पुस्तकावर रक्ताचे थेंब पडले ते मी माझ्या ओढणीने पुसले. पाळकसाहेब दारात उभे होते. आणि मी, जिने "बरोबर" म्हटलं होतं, मीही गप्प उभी राहिले. दादा "चारवर, चारवर" म्हणत राहिला आणि शेवटी म्हणाला, "चुकलं. सोळावर ठिवला असंन." तेव्हा तुम्ही थांबलात. त्याचा डावा कान पुन्हा कधी चालला नाही. डॉक्टरांनी पडद्याचं आणि नसेचं काहीतरी सांगितलं. घरी आल्यावर तुम्ही म्हणालात, "खोटं बोलल्याचं फळ." दादाने त्या दिवसानंतर गिटारला हात लावला नाही.

परवा मी मागची फळी उघडली. जळलेल्याच्या जागी बसवलेला नवा ट्रान्सफॉर्मर तुम्ही स्वतः गुंडाळलेला, काय सुरेख काम आहे, तारेशेजारी तार. तुमची रीत होती, दुरुस्त केलेल्या प्रत्येक सेटच्या आत एक चिठ्ठी चिकटवायची. काय बिघडलं होतं, कशामुळे, काय केलं. "फुडच्या मेकॅनिकला आंधारात ठिवायचं न्हाई," असं म्हणायचात. रंगीत तारा मिळायच्या नाहीत म्हणून ट्रान्सफॉर्मरकडून नॉबला जाणाऱ्या तारांना तुम्ही गाठी मारायचात. एक गाठ म्हणजे चार, दोन म्हणजे आठ, तीन म्हणजे सोळा. आणि ट्रान्सफॉर्मरच्या शेजारी, पिवळी पडलेली, तुमच्या अक्षरातली चिठ्ठी: "पहिल्या वेळी, अ‍ॅम्प बांधताना, डबा पालथा ठेवून सोल्डरचे डाग दिले. डावे उजवे झाले. एक गाठ सोळाच्या जागी, तीन गाठी चारच्या जागी. मधले आठ बरोबर, म्हणून इतकी वर्षे कळले नाही. डाग माझे. मुलाने चारवरच ठेवले होते."

म्हणजे दादाने नॉब चारवर ठेवला तेव्हा आत जोडली गेली ती सोळाची तार. तुम्हाला कळलं होतं. दुरुस्तीला डबा उघडलात त्याच आठवड्यात कळलं असणार. पोराच्या कानाची पट्टी अजून सुटलेली नव्हती. तो समोर जेवायला बसायचा, तुम्ही त्याला भाकरी वाढायचात, आणि कुठल्यातरी अनोळखी मेकॅनिकला खरं लिहून ठेवलंत. त्याला नाही सांगितलंत. मी ती चिठ्ठी वाचून हातातला स्क्रूड्रायव्हर टेबलात खुपसला, लाकडात इंचभर गेला. तुम्ही जिवंत असता तर कुठे खुपसला असता ते लिहीत नाही.

इथवर लिहून थांबले असते तर हे पत्र बरं दिसलं असतं. पण ती चिठ्ठी मी परवा पहिल्यांदा वाचलेली नाही. पॉलिटेक्निकला असताना एक व्हॉल्व्ह बदलायला मी हा अ‍ॅम्प उघडला होता. तुम्ही पलीकडच्या खोलीत झोपला होतात. मी वाचली, फळी लावली, सहाच्या सहा स्क्रू घट्ट पिळले. दादा तेव्हा तुमच्याशी बोलत नव्हता आणि एकदा त्याने तुमची कॉलर धरून भिंतीला दाबलं होतं. मी मनाला सांगितलं, त्याला कळलं तर तो तुम्हाला जिवे मारेल. ते निम्मंच खरं. उरलेलं खरं असं की तोवर तुमच्यासमोर शिकायला मी एकटीच बसत होते. मारसुद्धा कमी झाला होता. ती जागा मला सोडायची नव्हती. दादाच्या कानावर मी माझं शिक्षण केलं, पप्पा. तुमचा हातही मलाच मिळाला. गेल्या महिन्यात एका मुलीने वर्गात उलटी वायर लावली आणि माझा पंजा वर गेला. ऐनवेळी टेबलावर आपटला, मीटर फुटला. मुलगी रडली नाही, तिने फक्त दोन्ही हात कानावर घेतले. मला त्या दिवशी जेवण गेलं नाही.

आज दुपारी दादा अ‍ॅम्प न्यायला आला. मी वाजवून दाखवला. दोन स्पीकर, चारवर, अर्धा तास, धूर नाही. तो स्वयंपाकघरात चहा पीत बसला, टक्कल पडलेला, मान उजवीकडे कलती, ऐकायला सोपं जावं म्हणून. मी त्याच्या डाव्या बाजूला जाऊन उभी राहिले. मुद्दामच. हळू आवाजात सगळं सांगितलं. गाठी, पालथा डबा, चिठ्ठी, पॉलिटेक्निक. "तुझं चुकलं नव्हतं," असंही म्हटलं. तो वळून म्हणाला, "काय म्हनलीस?" मी म्हटलं, "पोरीला सांग, दोन स्पीकर लावले तर नॉब चारवर ठेव."

तो हसला. "सांगतो की. म्या सोळावर ठिवून जाळला हुता, तसं नको करू म्हनतो." इतकी वर्षं झाली, पप्पा, आणि तो अजून ते खरं मानतो. तुम्ही मारून वदवलंत आणि मी गप्प राहून पक्कं केलं.

मी अ‍ॅम्प गोधडीत गुंडाळून टेम्पोत ठेवला. दादा पोचला असेल आता घरी. त्याची पोर चौकस आहे, हातात आलेली वस्तू उघडून बघितल्याशिवाय तिला चैन पडत नाही. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, तुमचा पत्ता दगडावर कोरलेला आहे आणि तिथे टपाल जात नाही. एवढंच सांगते की मी घाबरले. तुम्हाला भ्यायचे त्यापेक्षाही आज त्या टकल्या, हसऱ्या माणसाला जास्त भ्याले. चिठ्ठी जागेवरच आहे. तिच्याखाली मी माझ्या अक्षरात एक ओळ लिहिलीय, "मला माहीत होते," आणि मागच्या फळीला सहाऐवजी दोनच स्क्रू लावलेत, तेही सैल. उरलेले चार या कागदावर ठेवलेत, वाऱ्याने उडू नये म्हणून.